साहस आणि सोबत

साहस करण्याचा अधिकार मनुष्याला आहे कीं नाहीं, हा प्रश्न मीं वर्गांत आजवर पुष्कळदां चर्चिला आहे, आणि तो सोडविण्यास मला कधीं फारसा कठीण वाटला नाहीं. वर्गांतील प्रश्नांचा हा एक मोठाच गुण असतो कीं, तास संपल्याची घंटा झाली म्हणजे ते निमूटपणें पुस्तकांत परत जाऊन बसतात. परंतु गेल्या वर्षीं हाच प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडून टेलिफोनवर माझ्याकडे आला, आणि तो अजून परत गेलेला नाहीं.

माझी भाची आणि तिचा नवरा गेलीं अकरा वर्षें ऑस्ट्रेलियांत ॲडलेड शहरीं राहतात. दोघेंही नोकरी करतात. सात वर्षांची एक मुलगी आहे. दोघांनाही मोटारसायकलीचें वेड आहे, आणि तेंही गुळगुळीत रस्त्यांवरून फिरण्याचें नव्हे, तर जेथें रस्ता संपतो तेथून पुढें जाण्याचें. त्या वर्षीं जुलै महिन्यांत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यांत, दोघांनीं दोन मोटारसायकलींवरून सिंप्सनचें वाळवंट ओलांडावयाचें ठरविलें होतें. तेवढे दिवस नातीला सांभाळण्यासाठीं माझी बहीण तिकडे गेली होती. आणि तेथूनच तिनें मला टेलिफोन केला.

"दादा, तूं तिला कांहीं सांग. तुझें ती ऐकेल. हौस आहे तर एकानें जावें, एकानें घरीं राहावें. पण नवराबायको दोघांनीं मिळून त्या वाळूंत फटफट्या घेऊन जायचें, आणि पोरीनें इकडे वाट पाहात बसायचें, हें कुठलें शहाणपण?"

मीं भाचीला काय सांगितलें तें सांगण्यापूर्वीं हें वाळवंट कसें आहे तें सांगितलें पाहिजे. कारण माझ्या बहिणीची भीति पोकळ नव्हती. सिंप्सनचें वाळवंट सुमारें पावणेदोन लक्ष चौरस किलोमीटरांचें आहे. वाळवंट म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सपाट रेताड मैदान येतें. हें तसें नाहीं. त्यांत तांबड्या वाळूच्या अकराशेंहून अधिक टेकड्या एकमेकींना समांतर अशा वायव्येकडून आग्नेयीकडे पसरल्या आहेत, आणि त्यांतील कांहींची लांबी दोनशें किलोमीटरपर्यंत जाते. पश्चिमेकडून पूर्वेस जाणाराला या साऱ्या आडव्या येतात. एक चढावी, एक उतरावी, मधल्या दरींतून थोडें पुढें जावें, कीं दुसरी उभीच. तेलाच्या शोधासाठीं एका फ्रेंच कंपनीनें १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत पाडलेली जी वाट आहे, तिच्यानें गेलें तर वाटेंत चारशें किलोमीटरांहून अधिक अंतरांत पेट्रोलचा थेंब विकत मिळत नाहीं. उन्हाळा इतका कडक, कीं डिसेंबरच्या आरंभापासून मार्चच्या मध्यापर्यंत तेथील राष्ट्रीय उद्यान सरकार बंदच ठेवतें. वाळवंटाच्या पूर्व कडेस बर्ड्सव्हिल नांवाचें एक लहानसें गांव आहे. त्याच्या दक्षिणेस जाणाऱ्या वाटेवर १९६३ च्या डिसेंबरांत गाडींतील पेट्रोल संपून एका कुटुंबाचीं पांच माणसें, आईबाप आणि मुलगे, तहानेनें मेलीं. माझ्या बहिणीनें ही हकीकत कोठें तरी वाचली होती, आणि ती तिच्या मनांतून जात नव्हती.

मात्र या प्रदेशाला 'निर्जन' म्हणतांना जरा जपलें पाहिजे. वांगकांगुरू नांवाचे लोक या टेकड्यांमधून पिढ्यानुपिढ्या राहिले. 'मिकिरी' म्हणजे वाळूंत खोल खणलेल्या अरुंद विहिरी, हा त्यांचा आधार. डेव्हिड लिंडसे नांवाच्या मोजणीदाराला १८८६ सालीं तेथील माणसांनींच अशा नऊ विहिरी दाखविल्या. १९०० च्या सुमारास या लोकांनीं वाळवंट सोडलें. पुढें १९३६ सालीं टेड कोल्सन हा गोरा मनुष्य पांच उंट घेऊन वाळवंटापार बर्ड्सव्हिलला पोंचला, तेव्हां त्याच्याबरोबर पीटर एन्स हा आदिवासी सोबती होता. वाळवंट ओलांडणारा पहिला गोरा म्हणून कोल्सनचें नांव राहिलें. सोबत्याचें नांव तितकें राहिलें नाहीं. ज्या भूमींत पाणी कोठें आहे हें एकानें दुसऱ्याला सांगितलें म्हणूनच माणसें जगलीं, त्या भूमींत न सांगण्याचें मोल काय पडतें, हें मला पुढें कळावयाचें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. बहिणीचा टेलिफोन ठेवल्यावर मला प्रथम आठवला तो जॉन स्टुअर्ट मिल. १८५९ सालच्या त्याच्या स्वातंत्र्यावरील ग्रंथाचें सार आमच्या पिढीच्या पदवीधरांना पाठ आहे: ज्या कृत्याचा परिणाम कर्त्यापुरताच आहे, त्यांत समाजानें हात घालूं नये. दोघेंही सज्ञान आहेत, दोघांचीही संमति आहे. मग मामानें मध्यें कां पडावें? हें उत्तर मला सोयीचें होतें, आणि म्हणूनच त्याचा संशय आला. कर्त्यापुरतेंच असें कृत्य वाळवंटांत असतें तरी कोठें? दोघांपैकीं एक पडला, तर मदतीची कळ दाबावयाची उपग्रहाशीं बोलणारी एक डबी त्यांच्या खिशांत असते. ती कळ दाबली कीं कोणी तरी अनोळखी मनुष्य आपलें जेवण टाकून विमान बाहेर काढतो. त्या देशांत १९२८ पासून वैमानिक डॉक्टरांची संस्था हें काम करीत आली आहे, आणि त्यांतही जोखीम असतेच. शिवाय ती सात वर्षांची मुलगी! तिची संमति कोणी विचारली होती? मिलचा न्याय एकट्याला लावावा तर एकटा मनुष्य सांपडत नाहीं. आणि सांपडला तरी तो पतिपत्नी असलेल्यांत तर नव्हेच.

दुसऱ्या बाजूनें पाहूं गेलें तर 'एकानें जावें' हा माझ्या बहिणीचा तोडगा सर्वांत घातक होता. वाळूंत मोटारसायकल चालविणें ही अंगाला उलटी शिकवण द्यावयाची विद्या आहे. टायरांतील हवा जवळजवळ निम्मी करावयाची, पायठेवणीवर उभें राहावयाचें, अंगाचा भार मागें ठेवावयाचा आणि नजर चाकापुढें नव्हे तर दूरवर. भीति सांगते, 'वेग कमी कर'; आणि वेग कमी केला कीं पुढचें चाक वाळूंत रुतून मनुष्य आडवा होतो. सामानासकट अडीचशें किलो भरणारें तें धूड मऊ वाळूंतून एकट्यानें दिवसांतून दहा वेळां उचलणें म्हणजे पाठीचा कणा गहाण टाकणें आहे. दोघें असलीं तर एक हॅंडल धरतो, दुसरा मागचा दांडा. या विद्येंत सोबत ही चैन नसून साधन आहे. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज तरुणी १९३४ च्या डिसेंबरांत लंडनहून निघाल्या, आणि बाजूला डबा व मागें गाडा जोडलेल्या एकाच मोटारसायकलीनें सहाराचें वाळवंट ओलांडून १९३५ च्या जुलैंत केप टाउनला पोंचल्या. वाटेंत इंजिन मोडलें, तेंही त्यांनीं निस्तरलें. त्यांतील एकटी निघाली असती तर कोठवर जाती, कोण जाणे.

म्हणून मीं भाचीला 'जाऊं नका' असें सांगितलें नाहीं. फक्त इतकें विचारलें, "मागें फिरावयाचें झालें तर तें कोण ठरवील?" ती हंसली आणि म्हणाली, "मामा, आम्ही दोघं मिळून ठरवूं. त्यांत काय आहे?" मलाही त्यावेळीं त्यांत कांहीं आहेसें वाटलें नाहीं.

तीं दोघें आठ दिवसांनीं सुखरूप परत आलीं. 'सुखरूप' हा शब्द माझ्या बहिणीचा. भाचीचा टेलिफोन आला तो त्यानंतर दोन आठवड्यांनीं, आणि तेव्हां तिच्या आवाजांत सुख नव्हतें.

घडलें तें असें. पेट्रोल व पाणी वाहण्यासाठीं ओळखीच्या एका जोडप्याची चारचाकी गाडी त्यांच्या मागून येत होती. टेकड्यांच्या पहिल्याच दिवशीं दुपारीं जांवई पडला, आणि पडतांना माणूस करतो तसा त्यानें हात पुढें टेकला. मनगट दुखावलें. "कांहीं नाहीं, मुरगळला," असें तो म्हणाला, उठला आणि पुढें निघाला. त्या रात्रीं तंबूंत त्याला झोंप आली नाहीं. परंतु त्यानें हातमोजाखालीं पट्टी आवळून बांधली, आणि सकाळीं तो सर्वांच्या आधीं उठून चहा करीत बसला. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशीं तीन प्रांतांच्या सीमा मिळतात तो पोपेलचा कोपरा मागें टाकल्यावर एका टेकडीच्या माथ्याशीं त्याच्या हातांतून हॅंडल सुटलें, आणि तो नेमका माथ्यावर आडवा झाला. पलीकडून एक गाडी चढत होती. या टेकड्यांच्या माथ्यावर समोरचें वाहन दिसत नाहीं, म्हणून प्रत्येक वाहनाला उंच काठी लावून तिच्यावर झेंडा बांधावा असा तेथें नियम आहे. समोरच्या गाडीचा झेंडा भाचीला दिसला, ती हात हालवीत, ओरडत धांवली, गाडी थांबली. दोघांमध्यें उरलेलें अंतर तिनें मला सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.

मोजा काढला तेव्हां मनगट सुजून काळें पडलेलें. पुढें त्या जोडप्यांतील नवऱ्यानें त्याची मोटारसायकल चालविली, आणि जांवई गाडींत बसून बर्ड्सव्हिलला पोंचला. अंगठ्याच्या मुळाशीं मनगटांत एक होडीच्या आकाराचें लहानसें हाड असतें, तें मोडलें होतें. डॉक्टर मंडळी या हाडाला फार भितात. त्याला रक्त उलट्या टोंकाकडून मिळतें, त्यामुळें मोडलेला तुकडा रक्तावांचून राहून मरूं शकतो. आणि दुखणें इतकें फसवें, कीं मनुष्य दिवस दिवस 'मुरगळला' असेंच म्हणत राहतो. जांवयाचें हाड शस्त्रक्रियेनें जुळलें. पण भाचीचें दुखणें हाडाचें नव्हतें.

ती म्हणाली, "मामा, पहिल्या दिवशीं संध्याकाळीं त्यानं सांगितलं असतं तर आम्ही सकाळीं परत फिरलों असतों. परतीची वाट तेव्हां जवळ होती. तिसऱ्या दिवशीं मला कळलं तेव्हां आम्ही अर्ध्याच्या पलीकडे होतों. मागें जाण्यापेक्षां पुढें जाणंच जवळचं झालं होतं. ठरवायला मला कांहीं उरलंच नव्हतं. सगळे म्हणतात, त्यानं तुझ्यासाठीं केवढं सोसलं! मला मात्र वाटतं, माझा एक निर्णय त्यानं माझ्या नकळत घेऊन टाकला."

हें वाक्य मीं पुष्कळ दिवस मनांत घोळवीत आहे. आपल्या घरांतून दुखणें लपविणें हा एक मोठा सद्गुण मानला जातो. भाकरी कमी पडली तर आई 'मला भूक नाहीं' म्हणते. बाप कर्जाचा कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यांत ठेवतो. आजी गुडघ्यांवर हात दाबीत देव्हाऱ्यापुढें बसते आणि कोणी विचारलें तर हंसते. या मौनांत प्रेम नाहीं असें म्हणण्याचा निष्ठुरपणा मी करणार नाहीं. जांवयाचा हेतुही प्रेमाचाच होता. तो म्हणाला, "मीं सांगितलं असतं तर ती क्षणांत परत फिरली असती, आणि माझ्यामुळं तिचं राहिलं, हें मला जन्मभर बोचलं असतं."

परंतु सोसण्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते बाहेरून अगदीं सारखे दिसतात. एकांत मी माझें दुःख माझ्याजवळ ठेवतों आणि त्याची किंमतही मीच देतों. दुसऱ्यांत दुःख माझ्याजवळ राहतें, पण त्याच्यावर भिस्त ठेवून दुसरा मनुष्य पाऊल टाकीत असतो. माझ्या भुकेवर कोणी भार टाकीत नाहीं. माझ्या मनगटावर टाकतो. शस्त्रक्रियेपूर्वीं सर्जन आपली सही घेतो, ती धोका समजावून सांगितल्यावर. धोका लपवून घेतलेली सही ही संमति नव्हे, हें कोणालाही पटतें. मग दोघांनीं मिळून पत्करलेल्या संकटांत, ज्याच्या आधारानें मी चाललें आहें तो आधारच मोडला आहे हें मला ठाऊक नसेल, तर माझ्या 'हो'ला काय अर्थ राहिला? पहिल्या सकाळीं भाचीनें पुढें जाण्यास दिलेली संमति खरी होती. दुसऱ्या सकाळची खोटी होती, आणि ती खोटी आहे हें तिला एकटीलाच ठाऊक नव्हतें.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सारा दोष नवऱ्याच्या माथीं मारणें सोपें आहे. भाचीनें तो तसा मारला नाहीं, हें मला तिच्याविषयीं सर्वांत मोठें वाटतें. ती म्हणाली, "चूक त्याची एकट्याची नाहीं. चार वर्षं त्या वाटेचे नकाशे मीं भिंतीवर लावले होते. रोज जेवतांना तेंच बोलणं. अशा घरांत 'पुरे' हा शब्द उच्चारायचा कुणीं?" सत्य सांगणें हें एकाचें कर्तव्य असेल, तर तें सांगतां येईल असें वागणें हें दुसऱ्याचें कर्तव्य आहे. आपण पहिल्या कर्तव्यावर ग्रंथ लिहिले. दुसऱ्यावर फारसें कोणी लिहीत नाहीं. ज्याची इच्छा अधिक तीव्र, त्याच्यावर हें दुसरें ओझें अधिक. कारण प्रेमाच्या माणसांत बलवान् इच्छा आज्ञा करीत नाहीं; ती नुसती डोळ्यांत चमकते, आणि समोरचा आपलें मनगट पाठीमागें लपवितो.

त्या दोघांनीं आतां एक नियम केला आहे. दर मुक्कामावर तंबू ठोकण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या शरीराविषयीं, वाहनाविषयीं आणि मनाविषयीं जें खरें असेल तें सांगावयाचें. दोघांपैकीं एकाचा 'नाहीं' पुरे. त्याला कारण विचारावयाचें नाहीं. आणि घरीं परत आल्यावर कधीं टोमणा मारावयाचा नाहीं. "तिसरं कलम सगळ्यांत अवघड आहे," असें जांवई म्हणाला. मला तें खरें वाटतें. पहिल्या दोन कलमांना धैर्य लागतें. तिसऱ्याला वर्षानुवर्षांची माया लागते, आणि ती वाळवंटांत मिळत नाहीं. घरूनच न्यावी लागते.

माझ्या बहिणीला मीं काय उत्तर द्यावें? धोका नाहीं असें मी तिला सांगूं शकत नाहीं. मुलीच्या पालनाची व्यवस्था दोघांनीं कागदोपत्रीं करून ठेवली आहे, असेंही सांगून पाहिलें. कागदानें आजीचें समाधान होत नाहीं, आणि होऊंही नये. मीं तिला इतकेंच म्हटलें कीं, आईबापांनीं कोणताच धोका पत्करूं नये असा हक्क त्या मुलीला नसेल. परंतु ज्यांना मागें फिरतां येतें असे आईबाप मिळण्याचा हक्क तिला निश्चित आहे. गेल्या जुलैंत तिला तसे आईबाप नव्हते. आतां बहुधा आहेत. माझी बहीण यावर बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "दादा, हें तूं मला शिकवतोस, तुझ्या घरीं काय चाललं आहे?"

तिनें सहज विचारलें असेल. परंतु माझ्या टेबलाच्या उजव्या खणांत त्यावेळीं एक कागद होता. कॉलेजचा जिना चढतांना छातींत कळ आली म्हणून मीं एकटाच डॉक्टरांकडे जाऊन आलों होतों. त्यांनीं पुढील तपासण्या लिहून दिल्या होत्या, आणि उंच ठिकाणीं तूर्त जाऊं नये असें बजावलें होतें. इकडे आमच्या घरांत केदारनाथाच्या यात्रेची तयारी चालू होती. गेलीं वीस वर्षें पत्नीच्या मनांत ती यात्रा आहे. मुलांचीं शिक्षणें झालीं, सासूबाईंचें आजारपण झालें, आणि आतां कोठें तिचा हा योग आला होता. लोकरीचे मोजे आणून झाले होते. साडेतीन हजार मीटर उंचीवर ती माझ्या हातांत हात देऊन चालणार होती, आणि तो हात कसा आहे हें तिला ठाऊक नव्हतें. सुट्टी लागली कीं पाहूं, उगाच तिच्या आनंदावर विरजण कशाला, असें मी स्वतःला सांगत होतों. आणि त्याला मी, जांवयाप्रमाणेंच, प्रेम हें नांव दिलें होतें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं तो कागद तिच्यापुढें ठेवला. तिनें तो दोनदां वाचला, चष्मा काढला, आणि फक्त एवढेंच विचारलें, "अहो, यावर तारीख कोणती आहे?"

तारीख चार महिन्यांपूर्वींची होती.

केदारनाथास जावयाचें कीं नाहीं, हें अजून ठरलेलें नाहीं. तपासण्या चालू आहेत. लोकरीचे मोजे कपाटांत आहेत. जें ठरेल तें आतां दोघांनीं मिळून ठरवावयाचें आहे, आणि त्यांत काय आहे तें मला आतां थोडेंसें समजूं लागलें आहे.